आत्याचं स्पेलिंग

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात मराठीत फरक आहे, पण सुनंदानं दोन्ही एकदमच उरकलं होतं. कोल्ड स्टोरेजमध्ये पहिले चार सर्व्हर आले, तेव्हा त्यांना नाव द्यायचं काम तिच्यावर आलं. दुसऱ्या कुणी नद्यांची नावं दिली असती, ग्रहांची दिली असती. सुनंदानं नातेवाईक दिले. हिशेबाचा सर्व्हर 'काका', कारण दहा वेळा विचारल्याशिवाय तो आकडा सांगत नसे. फाइली सांभाळणारी 'मावशी', मागाल ते काढून देणारी. गेटवरच्या कंटेनरची नोंद करणारा 'भाऊजी', मनात आलं तर चालणार, नाहीतर रुसून बसणार. आणि चौथी, कंप्रेसरच्या केबिनमध्ये एकटीच बसलेली, ती 'आत्या'.

आत्याला काम एकच होतं. वास घ्यायचा आणि ओरडायचं.

जासईच्या पुढे कंटेनर यार्डांच्या रांगेत हे कोल्ड स्टोरेज आहे. इथली कोळंबी आणि माकुल गोठून परदेशी जातात. गोठवायला अमोनिया लागतो आणि तो जाड पाइपांमधून सगळ्या इमारतीभर फिरत असतो. गळला तर डोळे, घसा, फुप्फुसं काही सोडत नाही. थोडासा वास तिथल्या माणसांना रोजचाच, त्यामुळे किती झाला म्हणजे पळायचं हे नाक सांगत नाही. म्हणून भिंतीभिंतींवर सेन्सर लावलेले, आणि त्या सगळ्यांचं ऐकून घेणारी ही आत्या. प्रमाण वाढलं की ती इमारतभर सायरन वाजवायची आणि कोल्ड रूमच्या आत लाल दिवा लावायची.

आत्याच्या केबिनमध्ये पाळीला असायचा आनंदा, कंप्रेसर ऑपरेटर, शेजारच्याच गावचा. पाळी सुरू करताना तो भिंतीवरचा हिरवा दिवा बघायचा, आत्याला अर्धवट थट्टेनं हात जोडायचा आणि खुर्चीत बसायचा. त्याची बायको जनी खाली पॅकिंग हॉलमध्ये. जनीचा आवाज असा की कोल्ड रूमच्या दारातून तिनं हाक मारली तर गेटवरचा टेम्पोवाला मागे वळून बघेल. सुनंदाला ती दरवर्षी सुकवलेला जवळा आणून द्यायची आणि पैसे काढले की सगळ्यांसमोर ओरडायची, "ठेवा त्ये पर्समदी! आमी काय दुकान मांडलंय?" मग सुनंदा मुकाट्यानं पर्स बंद करायची.

सुनंदा स्वतः खांदा कॉलनीतली, पन्नाशीला टेकलेली. कंपनी लहान होती तेव्हा बिलं टाइप करायला म्हणून लागली आणि शिकत शिकत सगळ्या सर्व्हरची मालकीण होऊन बसली. ऑफिसातले तिला ताई म्हणत, हॉलमधले मॅडम.

आत्याची एक खोड होती आणि ती सुनंदाला पक्की माहीत होती. आत्या बंद होऊन पुन्हा चालू झाली की तिच्यातला सायरनचा प्रोग्राम आपणहून सुरू होत नसे. कुणीतरी समोर बसून पासवर्ड टाकायचा आणि 'सुरू'चं बटण दाबायचं, तेव्हा कुठे तिला वास यायला लागायचा. ज्यानं तो प्रोग्राम लिहिला त्या ठाण्याच्या माणसानं केव्हाच धंदा गुंडाळला होता. भिंतीवरचा हिरवा दिवा नुसता वीज आहे एवढंच सांगायचा. प्रोग्राम झोपलेला असला तरी तो आपला तेवतच राहायचा. नवीन यंत्रणा घ्या म्हणून सुनंदानं दरवर्षी मागणी केली, आणि दरवर्षी तिला पुढच्या वर्षाचं उत्तर मिळालं. दिव्याची गोष्ट मात्र तिनं आनंदाला कधी सांगितली नव्हती. मुद्दाम नव्हे. आत्याला बंद करायची वेळच येत नसे, मग सांगायचं कशाला?

मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं हे कोल्ड स्टोरेज विकत घेतलं आणि त्यांच्या हेड ऑफिसचं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर इकडे यायला निघालं.

हे सॉफ्टवेअर म्हणजे बिनबोलावता आलेला पाहुणा, आणि तोही असा की आल्या आल्या घरातलं फर्निचर हलवायला लागतो. नेटवर्कवर जी मशीन दिसेल तिच्यात ते आपला 'एजंट', म्हणजे एक छोटा प्रोग्राम, बसवणार. कुणाला विचारणार नाही, सांगणार नाही. एजंट बसला की राहिलेले सगळे अपडेट चढवणार आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करणार. काका, मावशी, भाऊजी यांचं काही बिघडत नव्हतं. आत्याचं बिघडत होतं. सुनंदानं हेड ऑफिसचं परिपत्रक दोनदा वाचलं. शनिवारी रात्री एजंट सगळीकडे जाणार होता.

त्यातून मशीन वगळायची सोय होती. हेड ऑफिसमध्ये एक यादी होती, तिच्यात मशीनचं नाव घातलं की एजंट तिच्या वाटेला जात नसे. पण नाव घालायला सुरक्षा समितीची मंजुरी हवी, आणि समिती बसणार पुढच्या आठवड्यात. एकदा घर जळलं की बंब पाठवायचा, तसला हा कारभार. सुनंदानं हेड ऑफिसमधल्या हेतलला फोन लावला. हेतलनं गोड आवाजात तोच नियम पुन्हा वाचून दाखवला. मग तिनं निनादला लावला.

निनाद त्याच टीममधला, तिशीचा, वाढलेला डोंबिवलीत. आजवर दोनचारदाच बोलणं झालेलं, पण मराठीतून झालेलं. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. तो पोरगा हुशार होता, अर्ध्यातच त्याच्या लक्षात आलं.

"ताई, हे तर डेंजरस आहे. समितीची वाट कसली बघता? मी टाकतो लिस्टमध्ये. मागाहून मंजुरी घेऊ. नाव सांगा."

"आत्या."

पलीकडून हसू आलं. "खरंच आत्या? सर्व्हरचं नाव?"

"वास घेते आणि ओरडते. मग दुसरं काय ठेवणार?"

"अहो, माझी आत्या अशीच आहे! पनवेललाच असते. आम्ही लहानपणी फ्रिज उघडला की आतल्या खोलीतून ओरडायची, कोण आहे रे ते!"

सुनंदाही हसली. तिच्या स्वतःच्या आत्याला शेजारच्या घरातलं दूध उतू गेलेलं कळायचं, ते तिनं सांगितलं. निनादनं त्याच्या आत्याच्या अळूवड्यांचं सांगितलं. इतक्या आठवड्यांत ऑफिसच्या फोनवर कुणी तिच्याशी माणसासारखं बोललं नव्हतं, आणि तिला फार बरं वाटलं.

"टाकलं बघा ताई. आत्या सेफ. आता निवांत राहा."

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. तिनं फोन ठेवला आणि चहा मागवला.

हेतलला नाव सांगितलं असतं तर तिनं एकेक अक्षर सांगितलं असतं. ए फॉर ॲपल, टी फॉर टायगर. गुजराती माणसाला, तमिळ माणसाला, दिल्लीच्या माणसाला ती नेहमी तसंच सांगायची. मराठी माणसाला आत्या कशी लिहितात ते काय सांगायचं? तो प्रश्न तिला पडला नाही आणि त्यालाही पडला नाही.

रविवारी दुपारी सुनंदा विचुंब्याला नणंदेच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेली होती. पंगत बसत होती. तिच्या पानात वरणभात पडला आणि फोन वाजला. प्लँट मॅनेजर सत्यजीतचा होता. रविवारी तो कधी फोन करत नसे.

"ताई, अमोनिया गळला. तुम्ही या."

"सायरन..."

"नाही वाजला. तुम्ही या आधी."

नवरा, उदयसिंह, हात न धुताच उठला आणि त्यानं गाडी काढली. रस्ताभर ती एकच वाक्य मनात घोकत होती, निनादनं टाकलं होतं, निनादनं टाकलं होतं. ट्रेलरच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा तिला रडू फुटलं. कशाचं ते उदयसिंहला कळेना.

तिथं पोचेपर्यंत गळती थांबलेली होती आणि पाण्याचे फवारे चालू होते. काय झालं ते तिला हॉलमधल्या बायकांनी सांगितलं. कंटेनर भरायचा होता म्हणून रविवारची पाळी लावलेली. तीन नंबरच्या कोल्ड रूमबाहेरचा व्हॉल्व्ह गेला. वास आला, पण वास रोजचाच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग डोळे झोंबायला लागले तशा सगळ्याजणी पळत सुटल्या. गेटपर्यंत पोचल्यावर जनीनं आजूबाजूला पाहिलं. तीन पोरी आत कोल्ड रूममध्ये ट्रे लावत होत्या, कानटोप्या घालून, जाड दारामागे. सायरनचा लाल दिवा आत लागला असता तर त्यांना दिसला असता. जनी ओरडत मागे पळाली. दार उघडून आत शिरली, त्यांना ओढून बाहेर काढलं, आणि येताजाता ओरडतच होती, कारण दुसरं कोण ओरडणार होतं? तोंड उघडं ठेवून ती त्या हवेत ओरडत होती. तिचा आवाज ऐकूनच आनंदा केबिनमधून धावला आणि त्यानं मेन व्हॉल्व्ह बंद केला.

तीनही पोरी धडधाकट होत्या. जनीला पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं होतं, घशात नळी घालून. जीव वाचला. आवाजाचं डॉक्टर काही बोलत नव्हते.

सुनंदा केबिनमध्ये गेली. हिरवा दिवा तेवत होता. आत्याच्या स्क्रीनवर पासवर्डची चौकट होती आणि सायरनचा प्रोग्राम बंद. खालच्या कोपऱ्यात हेड ऑफिसच्या एजंटचं छोटंसं निळं चित्र बसलेलं. शनिवारी रात्री आला, अपडेट चढवले, मशीन बंद करून चालू केली, आणि तेव्हापासून आत्या बहिरी होऊन बसली होती. सुनंदानं आधी प्रोग्राम सुरू केला, मग एजंट काढून टाकला. त्यात पासवर्ड तीनदा चुकला.

मग तिनं गच्चीवर जाऊन निनादला फोन लावला.

"मी टाकलंय ताई. शप्पथ. माझ्यासमोर आहे लिस्ट."

"वाच."

"ए, ए, टी, वाय, ए."

सुनंदानं डोळे मिटले. तिच्या आत्यात दोन 'टी' होते. ए, टी, टी, वाय, ए. बोलताना 'त'वर जोर येतो म्हणून पंधरा वर्षांपूर्वी तिनं तसं लिहिलं होतं. निनादनं 'आ' आहे म्हणून दोन 'ए' घातले होते. दोघांचंही चुकलं नव्हतं. त्या यादीला कोण कुठली आत्या हे काय कळणार, तिनं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, अशी कुणी मशीनच नाही म्हणून गप्प बसली, आणि खरी आत्या उघडी पडली.

"तुम्ही स्पेलिंग सांगितलं नाही," निनाद म्हणाला. रागानं नव्हे, घाबरून. "आणि मी विचारलं नाही. कुणाला काही झालं का?"

तिनं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "ताई, समितीला न विचारता टाकलं होतं मी. कळलं तर मला उभ्या उभ्या काढतील. मी आत्ता नाव बरोबर केलंय. आधीपासून तसंच होतं असं दिसेल. तुम्ही प्लीज... म्हणजे, बघा ना."

"बघते," सुनंदा म्हणाली.

बघते हा शब्द मोठा सोयीचा. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि दिवस निघून जातात.

सोमवारी सत्यजीतच्या केबिनमध्ये चौकशी झाली. सत्यजीत वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला माणूस होता, आणि तसा माणूस जास्त त्रास देतो. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते, पुण्याहून फोनवर फोन येत होते आणि त्याला सायंकाळपर्यंत एक कारण हवं होतं. त्यानं सुनंदाला विचारलं, प्रोग्राम बंद होता ना? ती म्हणाली, हो. त्या मशीनसमोर पाळीला कोण बसतं? ती म्हणाली, ऑपरेटर. पुढं त्यानं काही विचारलं नाही आणि पुढं तिनं काही सांगितलं नाही.

आनंदा समोर उभा होता. हॉस्पिटलातून आलेला, त्याच कपड्यांत.

"आनंदा, तू डबल ड्यूटीवर होतास," सत्यजीत म्हणाला. "रात्रपाळी करून पुन्हा दिवसाची घेतलीस. खोटा अलार्म वाजला की तुम्ही लोक तो बंद करता, मला माहीत आहे. झोपेत तसंच केलं असशील. आठव नीट."

"दिवा हिरवा व्हता साहेब. मी बगितला."

"दिवा वीज दाखवतो फक्त. ताई, बरोबर ना?"

"बरोबर," सुनंदा म्हणाली.

आनंदानं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तो त्या दिव्याकडे बघून पाळी सुरू करत होता. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. दिवाच जर खोटा, तर मग आपलं दुसरं तरी काय खरं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं.

"डोला लागला व्हता माजा," तो म्हणाला. "सकाली. जरासाच. मना आठवत नाय साहेब. हात लागला असंल माजाच."

सत्यजीतनं ते लिहून घेतलं आणि आनंदानं सही केली. बडतर्फ करणार नाही, दुसरीकडे लावतो, असं सत्यजीत त्याला म्हणाला, आणि म्हणताना त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. सुनंदा बाहेर येऊन बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

घरी तिनं उदयसिंहला सगळं सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, सावध माणूस. "घाई करू नकोस," तो म्हणाला. "त्याची नोकरी जात नाहीये. तुझी जाईल, त्या पोराची जाईल. मुद्दाम कुणी केलेलं नाही. जरा धुरळा खाली बसू दे."

सगळं खरं होतं. ती रात्रभर जागी होती, तेही खरं होतं.

मंगळवारी दुपारी ती आत्याजवळ बसली होती, तेव्हा आनंदा दारात आला. केबिनमधला डबा, टॉवेल, चप्पल न्यायला आला होता. वस्तू पिशवीत भरून झाल्या तरी तो घुटमळत उभा राहिला.

"जनी कशी आहे?" सुनंदानं विचारलं.

"नली काढली. बोलत नाय. डाक्टर बोलतान थोडा वेल लागंल. माज्याकडं बगत पन नाय ती. भिंतीकडं तोंड करून रावते." तो पायानं चप्पल सारखी करत होता. "डबल ड्यूटी घेऊ नको म्हनून रोज भांडायची. तिनं आयकलं सगल्यांकडून. मी पेज भरवाला गेलो तर तोंड मिटून घेतलन. सासूच्या हातून खाते."

सुनंदानं नजर स्क्रीनकडे वळवली.

"मॅडम, येक इचारू? मशीन बंद करताना कंचं बटण दाबतात? मना दाखवा. म्हंजे आठवंल मना. लय डोका खातंय. झोपलो तं झोपलो, पन हात कुठं गेला त्ये तरी आठवाला पायजे ना मानसाला."

त्या क्षणी तिनं सांगायला हवं होतं. वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं. फोनवर निनादचा सकाळचा मेसेज होता, 'ताई, काही बोलला नाहीत ना?' आणि मागे जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. तिनं माऊस हातात घेतला आणि प्रोग्राम बंद करायचं बटण त्याला दाखवलं.

आनंदा वाकून बघत राहिला. त्यानं बोट पुढे केलं, स्क्रीनला न लावता हवेतच दाबून पाहिलं. पुन्हा एकदा दाबलं. "हाच असंल," तो स्वतःशी म्हणाला. मग पिशवी उचलून गेला.

सुनंदानं त्या दिवशी जेवण केलं नाही. रात्री उदयसिंह काहीतरी समजावत होता, त्यातलं अवाक्षर तिच्या डोक्यात शिरलं नाही. हवेत बटण दाबणारं ते बोट तिच्या डोळ्यांपुढून हलेना. न केलेली चूक तो माणूस पाठ करत होता, आणि शिकवायला ती बसली होती.

बुधवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं मेल लिहिली. एजंट केव्हा आला, आत्या केव्हा बंद झाली, नाव कसं चुकलं, फोनवर कोण काय बोललं, हिरव्या दिव्याचं आपल्याला माहीत असून आपण ऑपरेटरला कधी सांगितलं नाही, सगळं. निनादचं नावही लिहिलं. ते लिहिताना तिला वाईट वाटलं, तिनं तरी लिहिलं. सत्यजीतला, हेड ऑफिसला, फॅक्टरी इन्स्पेक्टरना, सगळ्यांना एकदम पाठवून दिली.

सत्यजीत पाचव्या मिनिटाला तिच्या टेबलाशी आला. "ताई, हे तोंडी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

"तोंडी सांगितल्यामुळेच झालंय सगळं," ती म्हणाली.

तो तिथंच खुर्ची ओढून बसला आणि कपाळ चोळत राहिला. आनंदाचा जबाब रद्द करावा लागेल, असं म्हणाला. तिचं काय होईल ते त्याच्या हातात नाही, असंही म्हणाला. सुनंदाला त्याचं काही वाटलं नाही. निनादचा फोन वाजत होता. तिनं उचलला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, मग त्यानंच ठेवला.

दुपारी ती पनवेलला हॉस्पिटलात गेली. चालताना तिला हलकं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. आपण आनंदाला काहीतरी परत द्यायला चाललो आहोत असं तिला वाटत होतं. वाटेत तिनं शहाळीसुद्धा घेतली.

जनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आनंदा पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता, मांडीवर पेजेची वाटी, वर चमचा. सुनंदा उभ्यानंच बोलली. सोप्या शब्दांत, एकेक गोष्ट. पुण्याहून एक सॉफ्टवेअर आलं, त्यानं मशीन बंद केली. ते येऊ नये म्हणून मी नाव दिलं, ते चुकीचं लिहिलं गेलं. तुझा हात कुठं लागला नाही आनंदा. तू डोळा मिटला असतास, नसतास, सायरन वाजणारच नव्हता. मी सगळ्यांना लिहून कळवलंय.

आनंदा ऐकत होता. "म्हंजे मी नाय," तो म्हणाला. "मी नाय केला." आणि वाटी सांभाळत तो लहान पोरासारखा रडायला लागला.

पलंगावर हालचाल झाली. जनी वळली. तिचे डोळे लाल होते, ओठ सुजलेले. तिनं आनंदाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, मग हात लांबवून त्याच्या मनगटाला धरलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती हवा आली. तिला जे म्हणायचं होतं ते तसंच राहिलं. आनंदानं डोळे पुसले आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला, आणि ती प्याली.

सुनंदाचे डोळे भरून आले. तिनं शहाळी खिडकीत ठेवली.

"मॅडम," आनंदा म्हणाला. वर न बघता, पेज ढवळत. "काल मी बटण इचारला तवा तुमाला ठावं व्हता?"

खोलीत पंखा फिरत होता. दुसऱ्या पलंगावरची म्हातारी त्यांच्याकडे बघत होती.

"हो," सुनंदा म्हणाली.

"परवाच्याला? साहेबांनी सही घेतली तवा?"

"हो."

आनंदानं मान हलवली. रागानं नाही. समजलं, एवढीच. "नाव चुकला त्ये ठीक हाय," तो म्हणाला. "कोनाचा पन चुकंल. मी माज्या पोरांना सांगितला, बापाच्या हातून झाला म्हनून. पोरा दोन दिस माज्याजवल आली नाय." मग त्यानं पुन्हा चमचा भरला आणि जनीच्या तोंडाशी धरला.

जनी आता सुनंदाकडे बघत होती. ती ओरडली असती तर सुनंदानं ऐकून घेतलं असतं. तिला तेच हवं होतं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडावं, शिव्या द्याव्यात. जनी नुसती बघत होती, आणि मग तिनं घोट गिळून डोळे पुन्हा नवऱ्याकडे वळवले.

सुनंदानं पर्स खांद्याला लावली. दारात जाऊन, सवयीनं, म्हणाली, "येते मी."

आपल्याकडे त्यावर घरातलं कुणीतरी 'या' म्हणतं. भांडण असलं तरी म्हणतं, तोंडदेखलं का होईना म्हणतं. ती दाराला हात लावून तेवढ्यासाठी थांबली. आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग ती जिना उतरून खाली गेली.